थंड गाठोडं

परवा आमच्या कॉलेजात प्राध्यापकांसाठी ताणमुक्तीचं शिबिर झालं. शहरातून एक गृहस्थ आले होते. अंगात नवा कोरा एप्रन, त्याच्या घड्याही अजून मोडलेल्या नव्हत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना लांबलचक टेबलाभोवती उभं केलं. प्रत्येकासमोर एकेक परात, परातीत पीठ, बाजूला कोमट पाण्याचा तांब्या. मग डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "पिठाला स्पर्श करा. पीठ तुमच्याशी बोलतंय. स्वयंपाक म्हणजे ध्यान." माझ्या शेजारी इतिहासाचे सर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःचा चहासुद्धा केलेला नाही, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. ते डोळे मिटून, पिठात बोटं खुपसून असे उभे राहिले की जणू आतून कुणी त्यांच्या बढतीचा कागद हातात देणार आहे. अर्ध्या तासानं सगळ्यांनी हात पुसले, फार हलकं वाटलं असं एकमेकांना सांगितलं, फोटो काढले आणि त्या बरबटलेल्या पराती तशाच टाकून चहाला गेले. पराती आमच्या शिपाई मावशींनी घासल्या. मावशींना कसं वाटलं, हे त्या गृहस्थांनी विचारलं नाही.

मीही काही बोललो नाही. मला वेळेवर सुचतच नाही. वर्गात शिकवतानासुद्धा मी एखादं वाक्य आधी मनात म्हणून बघतो. उभ्या आयुष्यात मी एकदाच वेळेवर बोललो, तेही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, आमच्याच शेतात, जांभळीखाली. ते लिहावं की नाही हे बरेच दिवस नक्की होत नव्हतं, कारण त्यात मोठं म्हणावं असं काही घडत नाही. एक गाठोडं उघडतं, इतकंच. पण त्या एप्रनवाल्या गृहस्थांनंतर मला राहवेना.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या थोडं अलीकडे. मिरचीचा मुलूख. मिरच्यांच्या दिवसांत गावात शिरलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग रामराम घालायचा. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं; मागं पडवी आणि पडवीत चूल. घरात माझे वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो, माझी माय आणि मी. दादांची शाळा चौथीत सुटलेली. मायला शाळा बाहेरून माहीत होती, कारण शाळेच्या भिंती सारवायला ती लहानपणी जायची. त्यामुळं मी अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा घरात त्याचा अर्थ इतकाच झाला की पोरगा आता खूप वेळ गप्प बसून राहतो. काही अडलं तर विचारायला कुणी नव्हतं. नापास होणं म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण पास होत राहिलं तर पुढं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला दोन्हीची सारखीच धास्ती वाटायची.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी माझी छाती अशी धडधडायला लागली की पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढं थांबेना. मी उठून पडवीत गेलो. माय भाकरी करत होती. गोठ्यात वासरू हंबरलं तशी ती उठली. "तव्याकडं बघ जरा. म्या त्याला पाणी दाखवून येते. करपू देऊ नको." तव्यावरची भाकरी मी उलटली, विस्तवापुढं उभी केली, ती टम्म फुगली. माय येईना. काठवटीत मळलेल्या पिठाचा एक गोळा होता. मी तो हातात घेतला. तिला हजारदा बघितलं होतं, त्यामुळं हातांना ठाऊक होतं असं म्हणायचं का, तर नाही. पहिली भाकरी फाटली, दुसरी एका बाजूनं जाड झाली. पण तिसरीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की छाती शांत झाली आहे. थापताना हाताचा एक ठेका असतो, त्या ठेक्यावर श्वास बसतो. पेपरात काय येईल ते माहीत नसतं. गोळ्यात काय आहे ते माहीत असतं. पीठ आणि कढत पाणी, तिसरं काहीच नाही. पाण्याचा हात नीट फिरवला आणि जाळ सांभाळला की पापुद्रा सुटतो. सुटला नाही तर का सुटला नाही तेही कळतं. त्या काळात माझ्या आयुष्यात इतकी सरळ गोष्ट दुसरी नव्हती.

मग ती सवयच लागली. मन लागेनासं झालं की मी पडवीत जाऊन बसायचो. मायनं कधी नको म्हटलं नाही. मी भाकरी करायला बसलो की ती उठायची आणि भांडी घासायची, नाहीतर शेण भरायची, नाहीतर मिरच्यांची देठं खुडायची. माझ्यामुळं तिला आराम मिळतो असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. दादांना मात्र ते बघवायचं नाही. रागवायचे नाहीत, पण गोठ्याकडं तोंड करून म्हणायचे, "घरात काय करायचं ते कर. बाहीर दिसू नको." त्यामुळं मागच्या दाराशी कुणाची चाहूल लागली की माय हातातलं काम टाकून यायची, मला कोपरानं बाजूला सारायची आणि माझ्या हातातला अर्धा थापलेला गोळा आपल्या हातात घ्यायची. येणाऱ्याला दिसायचं ते असं, की माय भाकरी करून राह्यली आणि पोरगं शेजारी बसून बडबड करतंय. बडबड करणारं पोरगं चालायचं.

कॉलेजसाठी मी जालन्याला तात्यांकडं राहायला गेलो. तात्या म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. दहावी होऊन एका कचेरीत लागलेले, शहरात दोन खोल्यांचं घर. त्यांचा मुलगा गजू माझ्याच वयाचा. बारावीला दोनदा बसून कंटाळला आणि मोबाईलच्या दुकानात लागला. तात्यांचा माझ्यावर जीव नव्हता असं नाही, पण तो जीव ते दर आठवड्याला बोलून दाखवायचे. "आमच्याच घरी राहतो म्हणून बरंय, न्हाईतर कुठं झेपलं असतं याला कॉलेज." आल्यागेल्याला हे ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा संपायचा नाही. खोटं नव्हतं ते. तिथं छप्पर नसतं तर मला कॉलेज खरंच झेपलं नसतं.

तिथंही सेमिस्टर जवळ आली की मी काकूंच्या ओट्यापाशी जायचो. काकू खूश व्हायच्या आणि टीव्हीपुढं जाऊन बसायच्या. पण गजूनं ही गोष्ट गल्लीभर केली. "आमच्या उत्तमला टेन्शन आलं की भाकरी येती," असं तो पोरांना सांगायचा आणि वर हातानं थापून दाखवायचा. पोरं मला मावशी म्हणायची. कट्ट्यावरून मी गेलो की कुणीतरी विचारायचं, "काय मावशी, आज कोणता पेपर? बाजरी का ज्वारी?" हसण्यासारखंच आहे, आता मलाही हसू येतं. पण तेव्हा मी रस्ता बदलून दोन गल्ल्या लांबून जायचो. लाज भाकरीची नव्हती. मला एवढ्याशा गोष्टीनं बरं वाटतं हे जगाला कळलं, त्याची होती.

एकदा कॉलेजात एका सरांनी सांगितलं की ताण आला तर हातांना काम द्यावं, मन आपोआप स्थिर होतं. मला फार आनंद झाला. आपण करतो त्याला पुस्तकात जागा आहे! रविवारी गावी गेलो तेव्हा काठवटीपुढं बसून मी मायला ते सगळं समजावून सांगितलं. ती शेजारी मिरच्या निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरंय की. तुझं मन लागंना म्हणून तू चुलीम्होरं येऊन बसतो. माझं मन लागंना तवा म्या कुठं जाऊ?"

मी हसलो. मला वाटलं, ती गंमत करते आहे. ती म्हणाली, "हसू नको, भाकर बघ," आणि सुपातल्या मिरच्या पुढं ढकलल्या.

आता त्या रविवाराकडं येतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती आणि मी सुट्टीला घरी आलो होतो. हरभऱ्याची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. हरभरा सोंगायला पहाटेच जावं लागतं, कारण ऊन चढलं की घाटे फुटून दाणे गळतात. त्या झाडाला एक आंब असते, ती हातांना लागली की बोटं चरचरतात, भेगा पडतात आणि मग साध्या पाण्यात हात घातला तरी झोंबतं. माय पहाटे गेली होती ती दुपार व्हायच्या आत आली होती आणि ओसरीवर बसून हातांना तेल चोळत होती. तात्यांनी त्याच दिवशी आपल्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना आणि आणखी काही लोकांना आमच्या शेतात मटण खायला बोलावलं होतं. दादा सकाळपासून तिकडंच होते, सरपण फोडायला.

शेतातलं मटण ही आमच्याकडच्या पुरुषांची मोठी कला समजली जाते, म्हणून तिची थोडी माहिती द्यायला हवी. पुरुष मटण स्वतः करतात. म्हणजे काय करतात, तर आदल्या दिवशी बाईनं भाजून, कुटून, वाटून डब्यात भरलेलं वाटण पातेल्यात उलटं करतात. कांदे सोललेले येतात, लसूण निवडलेला येतो, येसराचा मसाला घरातून येतो. मग एक जण पळी हातात धरतो आणि बाकीचे त्याला सांगतात की अजून पाणी नको. पळी धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी गंभीरता असते ती मी बैलाच्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. शेवटी सगळे मिळून ठरवतात की अशी चव बायकांच्या हाताला येत नाही. आणि तेवढ्यात घरून भाकऱ्यांचं गाठोडं येतं. भाकऱ्या कुणी केल्या हा प्रश्न त्या मेजवानीत येत नाही, जसा विहिरीत पाणी कुणी आणलं हा येत नाही.

तर वाटणाचा डबा न्यायला गजू मोटारसायकलवर आला. गाडी बंदही केली नाही. तसाच ओरडला, "मोठी माय, वाटण दे! आन् भाकरी पाठव मागून. बारा-तेरा माणसं हायेत, दोन-दोन तरी धर. साहेब आलेत बी. जल्दी!"

माय तेलाचे हात तसेच ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. मग आतून डबा आणून दिला. "जाय तू. उत्तमच्या हाती धाडते."

गजू गेल्यावर मी म्हणालो, "माय, तू बस. मी करतो भाकऱ्या." माझ्या मनात तिची काळजी होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही चुलीपुढं बसायचंच होतं. गणिताचा पेपर डोक्यात भणभणत होता.

"तुला कशाचं टेन्शन हाये?"

"परीक्षा हाये की."

"मंग अभ्यास कर. लिंबाखाली बस जा. आज चुलीपशी येऊ नको." मायनं मला चुलीपासून उठवलं असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसलो. तासाभरानं तिनं हाक मारली. धोतराच्या जुन्या पानात बांधलेलं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. "हे ने. मधी सोडू नको. तिथंच सोड, त्यांच्याम्होरं."

मी गाठोडं पाठीला बांधलं आणि सायकल काढली. निम्म्या वाटेत, ओढ्याच्या उतारावर, माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं आहे. भाकऱ्यांचं गाठोडं पाठीला ऊन लागतं. थंडीत तर ते पाठीशी बांधून शेतात जायला आम्ही पोरं भांडायचो. हे गाठोडं थंड होतं. आणि मला आठवलं, मी लिंबाखाली होतो तेवढ्या वेळात पडवीतून थापण्याचा आवाज आला नव्हता. काहीतरी गोल, कडक, लोखंडी काठ माझ्या मणक्यात रुतत होता. मी ओढ्यापाशी पाय टेकून उभा राहिलो. उघडून बघितलं असतं तर परत जावं लागलं असतं. आणि परत जाऊन मायला काय विचारायचं ते मला सुचेना. मी न उघडताच पायडल मारलं.

जांभळीखाली सतरंजी अंथरली होती. मोठे साहेब मांडववाल्याकडून आणलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तात्यांच्या हातात पळी होती. दादा चुलीपाशी उकिडवे बसून जाळ सारत होते. मटण झालं होतं. सगळे त्याच्या वासाची तारीफ करत होते आणि तात्या, जणू आपण वासही स्वतः वाटला आहे, अशा लाजऱ्या चेहऱ्यानं ती घेत होते.

"आल्या, आल्या भाकऱ्या!" गजू ओरडला. त्यानं माझ्या पाठीवरचं गाठोडं सोडून घेतलं आणि सतरंजीच्या मधोमध, साहेबांच्या पायांशी उघडलं.

तवा. उलथनं. एक परात. आणि पिशवीत ज्वारीचं पीठ, तोंड नीट दोऱ्यानं बांधलेलं.

सगळे पुढं वाकून बघायला लागले. मग साहेब मोठ्यानं हसले. "वहिनींनी तर कच्चा मालच पाठवला की हो, तात्या!" मग सगळेच हसले, कारण साहेब हसले होते. तात्याही हसले, पण त्यांचं हसणं गालापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. "चुकून झालं असंल साहेब. गडबडीत."

तवा चुकून बांधला जात नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

तेवढ्यात गजूला सुचलं. "अरे, आपला उत्तम हाये ना! साहेब, याला टेन्शन आलं की भाकरी येती. कॉलेजात शिकतो अन् बाईवानी भाकऱ्या थापतो. एकदम फर्स्ट क्लास!" आणि त्यानं नेहमीसारखं दोन्ही हातांनी थापून दाखवलं. साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं, जसं जत्रेत एखाद्या शिकवलेल्या माकडाकडं बघतात. "असं का? मग काय प्रश्नच मिटला. दाखव बाबा तुझी कला."

"बस उत्तम, जल्दी," तात्या म्हणाले. "दहा मिन्टाचं काम."

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. माझे हात त्या पिठाकडं ओढ घेत होते. छाती बारावीच्या त्या दिवसासारखी धडधडत होती. त्या क्षणी मी परातीपुढं बसलो असतो तर तिसऱ्या भाकरीला मला शंभर टक्के बरं वाटलं असतं. गल्लीभर मला मावशी करून सोडणाऱ्या गजूला माझी टम्म फुगलेली भाकरी बोटं चाटत खावी लागली असती. दोन्हीची मला हाव होती. पण परातीच्या काठाला मायच्या तेलकट बोटांचे ठसे होते, त्यावर पीठ चिकटलं होतं. मला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं ते यासाठी. हे पीठ माझ्यासाठी बांधलेलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"मी न्हाई करणार."

तात्या पळी खाली न ठेवता माझ्याजवळ आले. आवाज त्यांनी मऊच ठेवला, साहेब होते म्हणून. "उत्तम, जालन्याला कोणाच्या घरी राहतो तू? परीक्षा कधी हाये तुझी?"

इशारा सरळच होता. परीक्षा दोन आठवड्यांवर होती आणि माझी वह्या-पुस्तकं, अंथरूण, सगळं त्यांच्या बाहेरच्या खोलीत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. दादाही. आणि मला, आयुष्यात त्या एकदाच, वेळेवर सुचलं.

"तात्या, मला टेन्शन आलं की भाकरी येती. गजूच सांगतो ना. आज मला बिलकुल टेन्शन न्हाई."

साहेबांच्या मागं बसलेल्या कुणीतरी खुसकन हसलं. तात्यांच्या हातातल्या पळीतून रस्सा त्यांच्या बुटावर गळत होता.

मग दादा उठले. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी परात ओढली, दोरा दातानं तोडला, पीठ ओतलं. "साहेब, मटण आम्ही केलं म्हणतो ना? मंग भाकरीबी आम्हीच करू." आणि गार पाणी ओतलं, तेही तांब्याभर. पिठाचं पिठलं झालं. मग त्यात पीठ, मग परत पाणी. त्यांच्या कोपरापर्यंत पीठ चढलं. पहिली भाकरी हाताला चिकटली ती सुटेना. त्यांनी झटकली तर तुकडा राखेत पडला. "पाणी लाव दादा, पाणी लाव!" असं एकानं सांगितलं. "थापू नको, दाब!" दुसऱ्यानं. मटणाच्या वेळी सगळ्यांना सगळं येत होतं; इथंही सल्ल्याला तोटा नव्हता. एक उत्साही क्लार्क बाह्या सारून बसले आणि त्यांनी जे तव्यावर टाकलं त्याला एक बाजू अशी नव्हतीच. गजूनं केलेली मधून जळाली आणि कडेला ओली राहिली. साहेबांनी एक तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि बराच वेळ शेताकडं बघत चावत राहिले. शेवटी सगळ्यांनी मटण वाटीनं प्यायलं. चवीबद्दल त्या दिवशी पुढं कुणी काही बोललं नाही.

गजूचं आता यूट्यूबवर चॅनल आहे. शेतात मोठी कढई ठेवून मटण करतो, वरून ड्रोन फिरतो, आणि शेवटी कॅमेऱ्याकडं बघून सांगतो की आठवड्याचा सगळा ताण गेला. मी ते व्हिडिओ बघतो, अगदी शेवटपर्यंत बघतो. शेवटी चौकटीच्या कडेतून बांगड्यांचा एक हात येतो, भाकऱ्यांची चवड ठेवतो आणि परत जातो. चेहरा अजून एकदाही दिसलेला नाही.

त्या दिवशी शेतातून निघताना तात्या मला एवढंच म्हणाले, "उद्या आला की सामान ने तुझं." तेही साहेबांची गाडी वळल्यावर. मी दुसऱ्या दिवशी सामान आणलं. काकू दाराआड उभ्या होत्या, त्यांनी माझ्या पिशवीत गुपचूप शेंगदाण्याच्या चटणीची पुडी टाकली. कॉलेजातल्या दोन पोरांच्या खोलीत मला कोपरा मिळाला. त्यांचा एक रॉकेलचा स्टोव्ह होता. पेपराच्या आदल्या दिवसांत मी त्याच्यावर भाकऱ्या करायचो आणि ती पोरं मिटक्या मारत खायची. मन स्थिर व्हायचं, पूर्वीसारखंच. फक्त आता ते स्थिर होताना मला दर वेळी कळायचं, की मी हवं तेव्हा या स्टोव्हपुढून उठू शकतो आणि म्हणूनच इथं बसायला बरं वाटतं. मी पास झालो. त्या एप्रनवाल्या गृहस्थांना मला हेच विचारायचं होतं, की ध्यान संपल्यावर परात कोण उचलतं. पण म्हटलं ना, मला वेळेवर सुचत नाही.

त्या रविवारी दिवेलागणीला आम्ही घरी आलो. सायकल मी हातात धरली होती, दादा पुढं चालत होते. माय ओसरीवर बसली होती. मी तिला झालेलं सगळं सांगितलं, तात्यांचं घर गेल्याचंही. "म्या पीठ त्यांच्यासाठी धाडल्तं. तुझं घर जावं म्हणून न्हाई," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "केल्या का मंग कोणी?"

"दादांनी केल्या."

तिनं दादांकडं बघितलं. त्यांच्या मनगटावरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. दादांनी खांद्यावरच्या टॉवेलाची गाठ सोडली. आत एक भाकरी होती, एका बाजूनं जाड, मध्ये भोक, कडेला राख लागलेली. त्यांनी ती मायच्या पुढ्यात ठेवली आणि गोठ्याकडं तोंड करून उभे राहिले.

मी चटणी आणायला उठलो तर तिनं हातानंच बस म्हणून खुणावलं. भेगाळलेल्या बोटांनी राख झटकली, तुकडा मोडला, तोंडात टाकला. चूल विझलेली होती. त्या दिवशी ती पेटवायला कुणीच उठलं नाही.

"कच्ची हाये," माय म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून, पुरी खाल्ली.